यंत्राला थांबायला शिकवताना

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षकांपुढे दोन नोंदवह्या येतात. एक कागदाची आणि दुसरी पडद्यावरची. कागदावरची नोंदवही आपल्या हाताच्या वेगाने भरत जाते. पडद्यावरचीचे तसे नसते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँकेचे खाते असे रकाने भरायचे, बटण दाबायचे आणि वाट पाहायची. पान हलले तर पुढचा मुलगा. नाही हलले तर पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रात २०१५ पासून 'सरल' प्रणाली आली, पुढे केंद्राची 'यू-डायस प्लस' आली आणि 'रात्री अकरानंतर साइट जरा हलकी असते' हे ज्ञान शिक्षकांच्या खोलीत तोंडी परंपरेने पसरले.

समजा, इस्लामपूरच्या एखाद्या शाळेतील वर्गशिक्षक असे साठ मुलांच्या नोंदी करत बसले आहेत. (२०२५ साली राज्य शासनाने इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. येथे सवयीचे नाव ठेवले आहे.) बारावीतला एक विद्यार्थी मागे उभा राहून थोडा वेळ पाहतो आणि विचारतो, "सर, हे पायथॉनने होईल की. लायब्ररी असते त्याची. ब्राउझर आपोआप चालतो."

मुलाचे म्हणणे खरे आहे. पायथॉन भाषेत 'सेलेनियम', 'प्लेराइट', 'हेलियम' अशा नावांचे तयार आज्ञासंच मिळतात. त्यांच्या मदतीने दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली की ब्राउझरची खिडकी आपोआप उघडते, रकान्यांत अक्षरे उमटू लागतात आणि बटणे दाबली जातात. पहिल्यांदा पाहताना भुताटकी वाटावी असे ते दृश्य असते. पण ही साधने फॉर्म भरण्यासाठी जन्मली नाहीत, काम बरोबर झाले की नाही ते तपासण्यासाठी जन्मली. हा फरक शिक्षकांनी नीट समजून घ्यावा असे मला वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर चालू केला. त्या वेळचे पान म्हणजे वाचायचा कागद होता. दुव्यावर टिचकी मारली की दुसरा कागद येई, एवढेच. अशा जाळ्यात यंत्राला फिरवणे फार अवघड नव्हते. १९९३ साली अमेरिकेतील एमआयटीच्या मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्याने 'वाँडरर' म्हणजे भटक्या नावाची एक आज्ञावली लिहिली. ती एका पानावरून दुसऱ्या पानावर जाई आणि जगात किती संकेतस्थळे आहेत ते मोजत असे. तिला ब्राउझर लागत नव्हता. पानाची फाइल मागवायची, त्यातले दुवे वेगळे काढायचे आणि पुढे जायचे. पाहुण्याने दारातून आत न येता पत्राने चौकशी करावी, तसे ते होते.

असे भटके वाढले तेव्हा तक्रारीही वाढल्या. त्या काळचे संगणक दुबळे होते, एखादा भटका दर सेकंदाला पाने मागू लागला की ते मान टाकत. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी एक साधा उपाय सुचवला. प्रत्येक संकेतस्थळाने एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी आणि यंत्रांनी कुठे येऊ नये ते तीत लिहावे. फाइल कुलूप नव्हे, ती दारावरची पाटी आहे. सभ्य आज्ञावल्या ती वाचतात आणि मानतात. पुढे या गोष्टीकडे आपल्याला परत यायचे आहे.

१९९५ हे वर्ष आपल्या देशात वेगळ्या कारणाने लक्षात राहते. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा उभा केला. ती भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. तिच्यामुळे पान आल्यानंतरही बदलू लागले. रकान्यात चुकीची तारीख टाकली तर तिथल्या तिथे लाल अक्षरे येऊ लागली. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी उमटू लागली. सांगली निवडा, मग वाळवा, शिराळा, तासगाव दिसतात. ही यादी मूळ फाइलमध्ये नसते, ती मागाहून येते.

पत्राने चौकशी करणाऱ्या भटक्याची पंचाईत येथे झाली. त्याला फाइल मिळते, पण तिच्यात मजकूर नसतो. मजकूर कसा तयार करायचा याच्या सूचना तेवढ्या असतात. पाककृतीचा कागद हातात पडावा आणि ताट रिकामे असावे, तसे. ताट भरलेले पाहायचे तर स्वयंपाक करणारा, म्हणजे ब्राउझरच, चालवावा लागणार होता. पण ब्राउझर माणसाच्या हातासाठी आणि डोळ्यांसाठी बनलेला होता.

ही अडचण सोडवण्याची गरज एका अगदी घरगुती कामातून पुढे आली. २००४ साली शिकागोत 'थॉटवर्क्स' या कंपनीत जेसन हगिन्स काम करत होते. कर्मचाऱ्यांनी कामाचे तास आणि खर्च नोंदवायची कंपनीची एक अंतर्गत प्रणाली होती, म्हणजे आपल्याकडचे हजेरीपत्रक आणि प्रवासभत्त्याचे बिल एकत्र केल्यासारखी. तीत जावास्क्रिप्टचा भरपूर वापर होता. त्या काळी बहुतेक जग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते, पण या कंपनीतली मंडळी निरनिराळे ब्राउझर वापरत आणि आपल्या ब्राउझरमध्ये पान बिघडले की तक्रार करत. प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रत्येक ब्राउझरमध्ये सारी बटणे पुन्हा हाताने दाबून पाहावी लागत. विकत मिळणारी चाचणी-साधने होती, पण त्यांची किंमत अशा लहानशा अंतर्गत कामाला झेपणारी नव्हती. फुकट मिळणारी साधने एक तर एकाच ब्राउझरपुरती होती, नाहीतर खऱ्या ब्राउझरऐवजी त्याची नक्कल करणारी होती.

हगिन्स यांनी मग जावास्क्रिप्टमध्येच एक चाचणी-यंत्रणा लिहिली. 'हे पान उघड, या रकान्यात हे लिही, हे बटण दाब, आता पानावर हे शब्द दिसतात का ते सांग' अशा आज्ञा तक्त्यात मांडायच्या आणि ब्राउझरने त्या एकेक पार पाडायच्या. शेवटची आज्ञा लक्षात घ्या. 'दिसतात का ते सांग' हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. टंकन आणि बटणे ही त्याआधीची तयारी होती.

नावाची गोष्ट गमतीची आहे. चाचणी-साधने विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे नाव 'मर्क्युरी', म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा आहे असा विनोद हगिन्स यांनी केला आणि तेच नाव साधनाला चिकटले. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हा किस्सा वर्गात जरूर सांगावा, मात्र औषध म्हणून सांगू नये. सेलेनियम आणि पारा एकमेकांशी घट्ट बंध करतात हे खरे आहे, पण सेलेनियमही जास्त झाले तर विषारीच असते. बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधले. त्याच्या जवळचे टेल्युरियम पृथ्वीच्या नावाचे, म्हणून याला चंद्राचे ग्रीक नाव मिळाले.

असो. पहिल्या सेलेनियममध्ये एक मोठी अडचण होती. ब्राउझरचा एक सुरक्षेचा नियम आहे, एका संकेतस्थळाकडून आलेल्या जावास्क्रिप्टने दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात हात घालायचा नाही. नियम अत्यावश्यक आहे. तो नसता तर एका खिडकीत उघडलेल्या भलत्याच पानाने दुसऱ्या खिडकीतले तुमचे बँकेचे खाते वाचले असते. पण सेलेनियम स्वतःच जावास्क्रिप्ट असल्यामुळे त्यालाही हा नियम लागू होता. म्हणजे ज्या संकेतस्थळाची चाचणी घ्यायची, त्याच्याच संगणकावर सेलेनियमची फाइल ठेवावी लागे. परक्याच्या घरात आपली पेटी ठेवण्याची परवानगी नसेल तर काम खुंटले.

पॉल हॅमंट आदी सहकाऱ्यांनी यावर युक्ती काढली. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवला. ब्राउझरचे सारे टपाल त्याच्या हातून जाई. संकेतस्थळाचे पान आणि सेलेनियमची फाइल एकाच घरातून आल्यासारखी तो ब्राउझरला देई. या रचनेमुळे आणखी एक फायदा झाला. मध्यस्थाला आज्ञा कोणत्याही भाषेतून देता येऊ लागल्या, जावा, रुबी आणि आपली पायथॉनसुद्धा. त्याच सुमारास, २००५ मध्ये, बंगळूरच्या नारायण रामन यांनीही मध्यस्थाच्याच तत्त्वावर 'सही' नावाचे मुक्त साधन तयार केले. मराठी माणसाला ते नाव हिंदीतल्या 'बरोबर' या अर्थापेक्षा स्वाक्षरीचीच आठवण करून देते. २००६ मध्ये जपानच्या शिन्या कासातानी यांनी फायरफॉक्ससाठी एक जोड-साधन दिले. माणसाने एकदा करून दाखवायचे, त्याने ते टिपून घ्यायचे आणि पुन्हा करायचे.

तरीही यातले बरेचसे पानाच्या आतून चालणारे नाटक होते. जावास्क्रिप्टने 'बटण दाबले गेले' असे पानाला सांगायचे, खरे बटण कोणी दाबलेलेच नसते. समजा, बटणावर एखादी जाहिरातीची चौकट येऊन बसली आहे. माणसाला बटण दिसणारही नाही, पण आतून सांगणारे साधन ते खुशाल दाबून मोकळे होईल आणि 'सर्व ठीक' असा शेरा देईल. फाइल जोडण्याच्या रकान्याचे याच्या उलट. ब्राउझर सुरक्षेसाठी जावास्क्रिप्टला तेथे हात लावू देत नाही. जे माणसाला सहज जमते ते या साधनाला जमत नव्हते.

सायमन स्टुअर्ट यांनी २००७ च्या आसपास 'वेबड्रायव्हर' सुरू केला तो या कारणाने. ब्राउझरला आतून न चाळवता बाहेरून, त्याच्या स्वतःच्या यंत्रणेतून चालवायचे, म्हणजे निकाल माणसाच्या अनुभवाशी जुळेल. पण प्रत्येक ब्राउझरची यंत्रणा वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा चालक लिहावा लागला. फायरफॉक्सचा एका तऱ्हेने, एक्सप्लोररचा दुसऱ्या तऱ्हेने. एकीकडे अनेक ब्राउझर आणि भाषांशी जुळणारे पण वरवरचे सेलेनियम, दुसरीकडे खोलवर जाणारा पण मोजक्या ब्राउझरांपुरता वेबड्रायव्हर. २००९ मध्ये दोन्ही गटांनी एकत्र यायचे ठरवले आणि जुलै २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती आली. प्रतिस्पर्धी साधनांनी असे एकमेकांत विरघळून जाणे संगणकाच्या जगात फारसे घडत नाही.

त्यापुढची पायरी माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. जाळ्याची मानके ठरवणाऱ्या 'डब्ल्यू थ्री सी' या संस्थेने जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. चालक लिहिण्याची जबाबदारी आता ब्राउझर बनवणाऱ्यांची झाली. त्या मानकात एक छोटी अट आहे, यंत्र ब्राउझर चालवत असेल तर ब्राउझरने ती गोष्ट पानाला कळू द्यावी. 'मी माणूस नाही' हे सांगण्याची सोय दारातच ठेवली आहे. १९९४ च्या पाटीवर यंत्रांसाठी सूचना होती, आता यंत्रानेही आपली ओळख द्यायची आहे.

आता थांबण्याकडे येऊ. पायथॉनमध्ये सेलेनियम वापरायला लागलेला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या तासातच एका चुकीवर आदळतो. आज्ञावली म्हणते, अमुक रकाना सापडला नाही. विद्यार्थी पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, हा काय, समोर तर आहे! दोघेही खरे बोलत असतात. आज्ञावलीने शोधले तेव्हा रकाना नव्हता, विद्यार्थ्याने पाहिले तोवर तो आला होता. मधल्या अर्ध्या सेकंदात जावास्क्रिप्टने तो उभा केला. माणूस पानाची वाट पाहतो आणि आपण वाट पाहिली हे त्याच्या लक्षातही येत नाही. यंत्राला ते सांगावे लागते.

मग विद्यार्थी सांगतो, पाच सेकंद झोप. काम होते. प्रयोगशाळेत इंटरनेट चांगले असेल तर साडेचार सेकंद वाया जातात, पावसाळ्यात लाइन मंदावली की पाच सेकंदही पुरत नाहीत आणि तीच चूक परत येते. ठराविक झोप म्हणजे भात शिजायला वीस मिनिटे लागतात असे धरून झाकण न उघडणे. खरी स्वयंपाकीण शीत दाबून पाहते. सेलेनियममध्ये तशी सोय आहे. जास्तीत जास्त दहा सेकंद थांब, दर अर्ध्या सेकंदाला पाहा, रकाना दिसला की लगेच पुढे जा आणि दहा सेकंदांत दिसलाच नाही तर तसे सांगून थांब. ही 'अटीची वाट' ज्याला समजली त्याला निम्मे शास्त्र आले.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या 'प्लेराइट'ने ही वाट पाहणे अंगभूतच केले. बटण दाबण्यापूर्वी ते दिसते आहे का, जागेवर स्थिर आहे का, दाबण्याजोगे आहे का, त्याच्यावर दुसरे काही आलेले नाही ना, हे ते आपणहून पाहते. जाहिरातीच्या चौकटीचा आपला मघाचा प्रश्न येथे सुटतो. मायकेल हेरमान यांच्या 'हेलियम'ने दुसरी बाजू सोपी केली. ते सेलेनियमवरच उभे आहे, पण त्यात रकान्याचे आतले सांकेतिक नाव शोधत बसावे लागत नाही, पडद्यावर दिसणारे शब्द दिले की पुरते. नवशिक्यासाठी ते फार सोयीचे.

हेलियमचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोकणात विजयदुर्गावरील 'साहेबाच्या ओट्यां'शी हेलियमच्या शोधाचा संबंध नेहमी जोडला जातो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी तो शोध निगडित आहे हे खरे, पण यानसेन यांनी ते ग्रहण पाहिले गुंटूरला आणि लॉकियर यांनी त्या वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. पृथ्वीवर हा वायू रॅम्से यांनी १८९५ मध्ये वेगळा केला.

आता आपल्या वर्गशिक्षकांकडे परत जाऊ. शासनाच्या संकेतस्थळावर ही आज्ञावली चालवावी का? माझे उत्तर आहे, परवानगीशिवाय नाही. पुष्कळ ठिकाणी दारातच वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात किंवा मोबाइलवर परवलीचा अंक पाठवतात. त्या अक्षरांना 'कॅप्चा' हे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले आणि त्यांचा उद्देशच यंत्राला बाहेर ठेवणे हा आहे. ती फोडण्याच्या क्लृप्त्या शिकवणे आपले काम नव्हे. शिवाय शाळेचा परवलीचा शब्द आज्ञावलीत उघडा लिहून ती फाइल पेन ड्राइव्हवर गावभर फिरली, की साठ मुलांचे आधार क्रमांकही तिच्याबरोबर फिरले.

दुसरे असे, की यंत्राला माणसाच्या दारातून आत ढकलण्यापूर्वी त्याच्यासाठी वेगळे दार आहे का, ते विचारावे. याचा एक चांगला अनुभव आपल्याच भागात आहे. वाळवा तालुका कृष्णा आणि वारणा यांच्यामध्ये वसला आहे. १९९८ मध्ये वारणानगरचा सहकारी साखर कारखाना, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि राज्य शासन यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला. ऊस उत्पादकाने आपल्या गावातच लागणीची नोंद करावी, तोडीची चिठ्ठी घ्यावी, किती टन गेला ते पाहावे अशी कल्पना होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील राजेश वीरराघवन आणि सहकाऱ्यांनी तेथे पाहिले, तर संगणकाचा उपयोग मुख्यतः एवढ्या थोड्या कामांपुरताच होत होता आणि वीज, दुरुस्ती, जोडणी यांचा खर्च मात्र पूर्ण संगणकाचा होता. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून पाहिला. ठराविक नमुन्यातला लघुसंदेश कारखान्याकडे जायचा, तेथील संगणक माहितीसाठ्यात पाहून लघुसंदेशानेच उत्तर द्यायचा. २००७ मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. पडदा, पान, बटण यांतले काहीच उरले नाही आणि शेतकऱ्याला टनाचा आकडा मात्र मिळाला.

शाळेच्या बाबतीतही, पूर्ण वर्गाची यादी एका फाइलने चढवण्याची सोय कित्येक प्रणालींत एखाद्या कोपऱ्यात असते. ती सापडली तर ब्राउझर चालवण्याची गरजच नाही.

मग मुलांना हे शिकवायचे कशावर? स्वतःच्या पानावर. प्रयोगशाळेतल्या संगणकावर पाच रकान्यांचा एक फॉर्म विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घ्यावा, नोंदणी क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, इयत्ता. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी 'नोंद झाली' हे शब्द यावेत आणि खालच्या यादीत ओळ वाढावी, असे जावास्क्रिप्टने करावे. दोन सेकंदांची दिरंगाई मुद्दाम ठेवायची. दहा काल्पनिक मुलांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, खऱ्या मुलांची नको. पायथॉन आणि सेलेनियम बसवणे आता सोपे आहे. पूर्वी ब्राउझरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारा चालक शोधून उतरवून घ्यावा लागे, त्यातच नवशिक्यांचा आठवडा जाई. २०२२ च्या अखेरीपासून सेलेनियम तो स्वतः आणते. मात्र त्यासाठी पहिल्या वेळी इंटरनेट हवे.

आज्ञावलीचे टप्पे मराठीत आधी फळ्यावर लिहावेत. ब्राउझर उघड. पान उघड. यादीतली ओळ घे. पाच रकाने भर. बटण दाब. 'नोंद झाली' दिसेपर्यंत, पण दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, थांब. पुढची ओळ घे. पायथॉनमधली आज्ञावली याहून फार लांब होत नाही. पायथॉन ही गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली भाषा. तीत समास सोडण्यालाही अर्थ असतो. 'पुढची ओळ घे' चुकीच्या समासात लिहिली, तर एकाच मुलाची नोंद दहा वेळा होते.

आणि येथेच मुख्य धडा येतो. मुलांना यादीत मुद्दाम एक बिघाड करायला सांगा. जन्मतारखांचा रकाना एका ओळीने खाली सरकवा. आज्ञावली चालवा. ती कुरकुर न करता दहाही नोंदी करते. प्रत्येक वेळी 'नोंद झाली' येते आणि पहिला सोडून प्रत्येक मुलाला आदल्या मुलाची जन्मतारीख मिळते. हाताने भरणाऱ्या थकल्या शिक्षकाची साठात दोनदा चूक होईल, आज्ञावलीची चूक झाली तर साठच्या साठ वेळा होते, तीसुद्धा दहा मिनिटांत. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख दाखल्यावर उतरते आणि दाखला माणसाच्या नोकरीपर्यंत, निवृत्तीपर्यंत सोबत राहतो. ती दुरुस्त करण्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे मुख्याध्यापकांना सांगायला नको.

म्हणून आज्ञावलीत आणखी एक टप्पा घालावा. नोंद झाल्यावर खालच्या यादीतली ओळ वाचायची आणि कागदी रजिस्टरवरून दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे टाइप केलेल्या यादीशी ताडून पाहायची. शिकागोच्या त्या तक्त्यातली 'दिसतात का ते सांग' ही आज्ञा ती हीच. ताडून पाहताना आपल्याकडचे खास प्रश्नही समोर येतील. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली यादी पानावर गेली की नावांऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ०५/०६ ही तारीख ५ जून की ६ मे, हे संगणकाच्या मांडणीवर ठरते. बारा अंकी क्रमांकाचे तक्त्याच्या आज्ञावलीत 'ई' असलेल्या घातांकी रूपात रूपांतर होते आणि शेवटचे अंक हरवू शकतात.

सगळे सुरळीत चालू लागले की शेवटचा प्रयोग करावा. पानातली दोन सेकंदांची दिरंगाई बारा करायची. आज्ञावली दहा सेकंद वाट पाहते, नोंद झाली नाही असे सांगते आणि थांबते. आणखी दोन सेकंदांनी, कोणी काही न करता, पानावर 'नोंद झाली' उमटते. पुष्कळ विद्यार्थी चटकन 'नोंद झाली नाही तर पुन्हा भर' अशी ओळ लिहितात. ती चालवू द्या आणि खालच्या यादीत एकाच मुलाचे नाव दोनदा आलेले त्यांना दिसू द्या. मग पुन्हा भरण्यापूर्वी यादीत नेमके काय शोधायचे, नाव की नोंदणी क्रमांक, यावर वर्गात चर्चा होईल. वर्गात एकाच नावाचे दोघे असतील तर ती जरा लांबेल.